मदत हवी आहे: तिरक्या चौकटीत नवं सागवानी दार

जुन्या इमारतीचं एकपाखी दार खालून कुजलंय, नवं बनवतोय. चौकट दगडी भिंतीत पक्की, ती हलवायची नाही. अडचण अशी की वरची रुंदी ९१२ मिमी, खालची ८९८, कर्णांतही फरक. ओळंबा लावला तर झुकलीय बिजागरीची बाजू, कडीची सरळ आहे. पुठ्ठ्याचा साचा कापून पाहिला, नीट बसतो. लाकूड दोन महिने घरातच मुरवलंय. पॅनल खाचेत सरस न लावता सैल ठेवणार, म्हणजे फुगायला वाव राहील. जुन्या लोखंडी बिजागऱ्याच वापरायच्यात.

दार काटकोनात जोडून मग कडा रंधून उतरवू, की उभ्या पट्ट्या आधीच तिरक्या कापू? आणि झुकलेल्या बाजूवर बिजागऱ्या एका ओळंब्यात कशा आणायच्या?