दीड एकराच्या लॉनला झिरो टर्नच घ्यावा, असं माझं मत

रॅलेकर:
नमस्कार मंडळी. नॉर्थ कॅरोलिनात रॅलेच्या बाहेर आमचं घर आहे. जागा दीड एकर, म्हणजे साठ गुंठे. सात वर्षं ४२ इंच रुंद कापणारा लॉन ट्रॅक्टर (बसून, स्टीअरिंगने चालवायचं गवत कापायचं मशीन) चालवला, मागच्या एप्रिलमध्ये ५४ इंची झिरो टर्न (दोन दांड्यांनी चालणारं, जागच्या जागी वळणारं मशीन) घेतला. आता माझं ठाम मत आहे: जागा एक एकराच्या पुढे असेल तर ट्रॅक्टरवर पैसे घालू नका.

दीड तासाचं काम पाऊण तासावर आलं, पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती झाडांची. आमच्याकडे अकरा झाडं आहेत. ट्रॅक्टरने झाडाला वळसा घातला की बुंध्याशी गवताची चंद्रकोर उरायचीच. मग मागे घ्या, पुन्हा पुढे या, शेवटी ट्रिमर (हातात धरून गवत छाटायचं यंत्र) घेऊन फिरा. झिरो टर्नला मागच्या प्रत्येक चाकाचा गिअर स्वतंत्र असतो. डावा दांडा अगदी थोडा आणि उजवा जास्त पुढे केला की मशीन बुंध्याला चिकटून फिरतं. फक्त आतलं चाक जागच्या जागी पिळू देऊ नका, तिथे गवत मुळासकट निघतं. थोडं मागे घेऊन वळावं.

घेताना हॉर्सपॉवरला भुलू नका. खाली वाकून गिअरचं नाव वाचा. घरगुती मशीनमध्ये बहुधा हायड्रो-गिअर कंपनीचे असतात. ईझेडटी हा त्यांचा साधा गिअर. झेडटी-२८०० मध्ये तेल आणि फिल्टर दोन्ही बदलता येतात, त्यामुळे तो जास्त टिकतो. डेक (पात्यांवरचं झाकण) पत्रा दाबून केलेला आहे की जाड पत्र्याचा वेल्डिंग केलेला, तेही बघा. आणि कुंपणाचं फाटक मोजा! ४८ इंचांच्या फाटकातून ५४ चा डेक जात नाही.

तांबडीमाती:
रॅलेकर, झाडांचं पटलं. पण 'एक एकराच्या पुढे झिरो टर्नच' हे सरसकट सांगू नका, कुणाच्या तरी जिवावर बेतेल. जागा किती यापेक्षा जमीन कशी हे आधी विचारा.

मीही तुमच्याच भागात, लाल चिकणमातीवर राहते. आमचं मागचं अंगण तळ्याकडे उतरतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सकाळी साडेआठला नवरा झिरो टर्न घेऊन खाली गेला. गवतावर दव होतं. मागची चाकं घसरली, त्यांनी थांबवायला दोन्ही दांडे मधे आणले, तरी मशीन सरकतच राहिलं. या मशीनचा ब्रेक आणि वळण दोन्ही मागच्या चाकांवर, पुढची नुसती मोकळी फिरणारी. मागची पकड सुटली की हातात काहीच उरत नाही. काठाच्या अलीकडे विलोचं खोड होतं, त्याला अडकलं म्हणून निभावलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आमच्या मशीनला रोलबारही (मशीन उलटलं तर वाचवणारी कमान) नव्हता.

ट्रॅक्टरचं स्टीअरिंग पुढच्या चाकांना असतं, एवढा तरी आधार मिळतो. झिरो टर्नच हवा असेल तर कब कॅडेट कंपनीकडे स्टीअरिंगने पुढची चाकं वळवणारे आहेत, निदान ते बघा.

मिनू_ओहायो:
माझा मुद्दा पैशाचा. बरा झिरो टर्न साडेतीन ते पाच हजार डॉलर, ट्रॅक्टर दोन-अडीचमध्ये येतो. आमचा ट्रॅक्टर ऑक्टोबरात पानांची ट्रॉली ओढतो आणि जानेवारीत पुढे पातं लावून ड्राइव्हवेवरचा बर्फ ढकलतो. घरगुती झिरो टर्न पाच महिने गॅरेजमध्ये जागा अडवून बसणार.

आणि कृपा करून कुठल्याही मशीनवर मुलांना मांडीवर घेऊन फिरवू नका. भारतातून आजी-आजोबा आले की हौसेने फोटो निघतात, म्हणून मुद्दाम लिहिते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स बसून चालवायच्या मशीनसाठी किमान १६ वर्षं वय सांगते.

बॅटरीवाला:
पाऊण-एक एकर सपाट जागा असेल तर बॅटरीचा बघा. तेल नाही, कार्ब्युरेटर तुंबणं नाही, रविवारी सकाळी शेजारी उठत नाहीत. मात्र एप्रिलमधलं दाट फेस्क्यू गवत कापताना चार्ज भराभर उतरतो, हे धरून चाला.

रॅलेकर:
तांबडीमाती, तुमचं वाचून काल रात्री मॅन्युअल काढलं. उताराची मर्यादा १५ अंश. (काही मॅन्युअलमध्ये १० च असते.) आज चार फुटी लेव्हल घेऊन घरामागे गेलो. वरचं टोक जमिनीला टेकवून बुडबुडा मधे आणला आणि खालच्या टोकाखालचं अंतर टेपने मोजलं. १० अंशाला साधारण साडेआठ इंच येतात, १५ ला १३. बहुतेक अंगण तीन-चार इंचांत बसलं. नाल्याकडच्या पट्ट्यात मात्र १४ भरले. तिथे मी वर्षभर मशीन घालतोय. ते आजपासून बंद.

मिनू, बर्फाचं ओहायोत खरं असेल. आमच्याकडे बर्फ वर्षाकाठी एक-दोनदा, तोही दुपारपर्यंत वितळतो. त्यासाठी दर आठवड्याचा पाऊण तास मी सोडणार नाही. सपाट जागा आणि भरपूर झाडं असतील तर माझं मत तेच आहे.

तांबडीमाती:
मोजलंत, बरं वाटलं. पण १४ इंच आले तिथे ट्रॅक्टरही नेऊ नका. मी त्याची बाजू घेतली, तरी मर्यादा त्यालाही आहेच. तो पट्टा ढकलायच्या मशीनने कापा, उताराला आडवं चालत, म्हणजे पाय घसरला तरी पात्याखाली जाणार नाही. आम्ही आमचा तळ्याकडचा भाग कापणंच सोडलं. गवताच्या जागी ज्युनिपर (जमिनीवर पसरणारं झुडूप) लावलं, दोन वर्षांत उतार निम्मा झाकलाय.