अनुभव धागा: अमेरिकन सिटिझनशिपचे शंभर प्रश्न, तुमचा कुठे अडला?

मागच्या महिन्यात माझी सिटिझनशिपची मुलाखत झाली. अर्ज ऑक्टोबर २०२५च्या आधीचा, त्यामुळे जुनीच परीक्षा: यादीत शंभर प्रश्न, त्यातले जास्तीत जास्त दहा विचारणार, सहा बरोबर आले की पास. चार महिने उजळणी केली. घटनादुरुस्त्या २७, प्रतिनिधी ४३५, सिनेटर १००, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश ९, फ्रान्सकडून १८०३ साली विकत घेतलेला मुलूख लुईझियाना. झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि विचारलं काय, तर पहिला राष्ट्राध्यक्ष कोण! पहिली सहा उत्तरं बरोबर आली आणि बाईंनी कागद बाजूला ठेवला. तीन मिनिटंही झाली नसतील. पास झाल्याचा आनंद सोडून मी हिरमुसले, निदान दहा तरी विचारायचे ना!

तुमचे, तुमच्या आईवडिलांचे, सासूसासऱ्यांचे किस्से येऊ द्या. उत्तरं यादीत छापलेली आहेतच, गाडी कुठे अडली ते सांगा.

एडिसनची सून

आमच्या सासूबाईंचा नंबर तीन वर्षांपूर्वी लागला. वय ५८, ग्रीनकार्डाला सोळा वर्षं. वयाची पंचावन्न आणि ग्रीनकार्डाची पंधरा वर्षं झाली असली की इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि हे प्रश्न दुभाषा घेऊन आपल्या भाषेत देता येतात. म्हणून घरी तयारी मराठीतच चालायची. फ्रिजवर चिठ्ठ्या, पोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर चिठ्ठ्या.

एकदा नवऱ्याने घाईघाईत विचारलं, "आई, बिलावर सही कोण करतं?" त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "तुझे बाबा. लाइटचं असो की वाण्याचं."

"आणि बिल नाकारतं कोण?"

"तेही तेच."

गंमत म्हणजे सरकारी यादीतही या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, राष्ट्राध्यक्ष. त्यानंतर हे दोन प्रश्न त्या कधीही चुकल्या नाहीत.

पहिल्या महायुद्धातला राष्ट्राध्यक्ष मात्र काही केल्या डोक्यात राहीना. विल्सन, जॅक्सन, जेफरसन, सगळे 'सन' एकमेकांत मिसळायचे. सासूबाई मूळच्या महाडच्या. एका रात्री त्यांनीच तोडगा काढला: बाबासाहेब कोलंबियाला शिकायला आले ते साल १९१३, आणि हा विल्सन खुर्चीत बसला तोही १९१३लाच. मुलाखतीत नेमका हाच प्रश्न आला. दुभाष्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी उत्तर देऊन टाकलं.

डॅलसकर

माझा बेंजामिन फ्रँकलिनने घात केला. "कशासाठी प्रसिद्ध?" मी ठासून सांगितलं, राष्ट्राध्यक्ष होते. शंभराच्या नोटेवर चेहरा आहे, आणखी काय पुरावा पाहिजे! फ्रँकलिन कधीच राष्ट्राध्यक्ष नव्हते. पहिले पोस्टमास्टर जनरल, मुत्सद्दी, फुकट वाचनालयं सुरू करणारे, यातलं काहीही चाललं असतं. साहेब नुसते हसले. बाकी उत्तरं बरोबर आली म्हणून निभावलं.

सिएटलहून

डॅलसकर, दहाच्या नोटेवरचा हॅमिल्टनही राष्ट्राध्यक्ष नव्हता. पाकीट उघडून अभ्यास करू नका.

नॉर्थ कॅरोलायनावाला

माझी मुलाखत ऑक्टोबर २०२३मधली. यादीत एक प्रश्न असा: प्रतिनिधीगृहाचे सध्याचे स्पीकर कोण? मी 'मॅकार्थी' पाठ केलं होतं आणि ३ ऑक्टोबरला सभागृहाने मतदान करून त्यांना काढलं. स्पीकरला असं काढण्याची अमेरिकेच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ, आणि ती माझ्या मुलाखतीच्या तोंडावर यावी! नवे स्पीकर माइक जॉन्सन निवडून आले २५ तारखेला. माझी मुलाखत बरोबर मधल्या दिवसांत. 'सध्या कोण' याचं उत्तर बातम्या देणाऱ्यांनाही धड देता येत नव्हतं. बायको म्हणाली, "त्यांनाच विचार, तुम्हाला तरी माहीत आहे का?" रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

प्रश्न विचारलाच नाही. राज्याची राजधानी विचारली.

शिकागोहून

हा परीक्षेचा नाही, प्रश्नमंजूषेचा अनुभव. आमच्याकडे गणपतीत दरवर्षी असते. आतापर्यंत राष्ट्राध्यक्ष किती माणसं झाली, असा प्रश्न मी काढला होता. सगळे ओरडले, सत्तेचाळीस. उत्तर पंचेचाळीस! ग्रोव्हर क्लीव्हलंड बाविसावे आणि चोविसावे, ट्रम्प पंचेचाळिसावे आणि सत्तेचाळिसावे, म्हणजे दोन माणसं दोनदा मोजली जातात. यावर इतका वाद झाला की आरती वीस मिनिटं उशिरा.

दुसरा प्रश्न माझा लाडका होता. जून १८८३मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा इथे राष्ट्राध्यक्ष कोण? हॉलमध्ये सगळे चिडीचूप. एकाने लिंकन म्हणून पाहिलं, पण त्यांची हत्या १८६५ची. उत्तर चेस्टर आर्थर. गारफिल्ड यांच्यावर १८८१मध्ये गोळी झाडली गेली, ते गेले आणि उपाध्यक्ष आर्थर वर आले. आनंदीबाई १८८६मध्ये डॉक्टर झाल्या तोवर क्लीव्हलंड आले होते, ते पहिल्या खेपेचे. आनंदीबाईंबद्दल तासभर बोलू शकणारी माणसं समोर होती, पण आर्थर एकालाही आला नाही.

फ्रीमाँटहून

यादीत नसलेली एक गोष्ट. माझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी शेजारच्या सरदारजी आजोबांनी विचारलं, "भगतसिंग थिंड माहीत आहे?" मला नव्हता. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात काम केलेला माणूस. सुप्रीम कोर्टाने १९२३मध्ये निकाल दिला की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. हे दार उघडलं ते १९४६मध्ये, ट्रूमन यांनी सही केलेल्या कायद्याने. तेव्हाही भारतातून येणाऱ्यांचा कोटा वर्षाला शंभर! त्याआधी सहा दिवस मी यादीतल्या प्रश्नांना वैतागून शिव्या घालत होतो. त्या संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून नीट वाचले.

साताऱ्याची, सध्या अटलांटा

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. मुलाखतीच्या वेळी वय ७१, ग्रीनकार्डाला एकवीस वर्षं. पासष्टीपुढच्यांना वीस वर्षं झाली असली तर वीसच प्रश्नांची छोटी यादी असते, तीही मराठीत देता येते. बाबा म्हणाले, वीस प्रश्न म्हणजे घटक चाचणी.

प्रश्न आला: अब्राहम लिंकन यांनी केलेली एक महत्त्वाची गोष्ट सांगा.

बाबा शांतपणे म्हणाले, "हेडमास्तरांना पत्र लिहिलं."

दुभाषा म्हणून आमचे एक परिचित होते. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं कळत होतं, पण शब्दाला शब्द सांगणं भाग होतं. त्यांनी तसंच इंग्रजी केलं. साहेबांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि पुढचा प्रश्न घेतला.

बाबा पास झाले. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "अहो, गुलामांना मुक्त केलं हे का नाही सांगितलंत? फुल्यांनी १८७३ला 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना? गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना!"

"ते सगळ्यांनाच माहीत आहे," बाबा म्हणाले. "ते पत्र आमच्या शाळेच्या भिंतीवर चौतीस वर्षं होतं. दरवर्षी पाच सप्टेंबरला मी त्याची काच पुसायचो."

सिएटलहून

ताई, सांगावं की नाही कळत नाही. ते पत्र लिंकन यांनी लिहिल्याचा काहीही पुरावा नाही. त्यांच्या संग्रहित पत्रांमध्ये ते नाहीच.

साताऱ्याची, सध्या अटलांटा

मला माहीत आहे. बाबांना सांगितलेलं नाही. कृपया कुणी सांगूही नका, ते हा धागा वाचतात की काय अशी शंका आहे.

कोलंबसहून

माझा अर्ज नोव्हेंबर २०२५चा, म्हणजे मी नव्या परीक्षेत सापडलो. आता यादी १२८ची, विचारणार वीस, बरोबर हवेत बारा. माझी उजळणी नाशिकहून वडील घेतात. निवृत्त तलाठी. यादी छापून आणली, पंच केली, दोरा ओवला, वर 'प्रश्नावली' असं लाल शाईने लिहिलं. माझी रात्र म्हणजे त्यांची सकाळ. चहा घेतला की व्हिडिओ कॉल. "आयझेनहॉवर आधी कोण होता?" "जनरल, बाबा." "कुठल्या युद्धात?" "दुसऱ्या महायुद्धात." "हं. मॅडिसन?" मी चाचपडलो की चष्म्यावरून बघतात. थेट शाळेत असताना बघायचे तसं.

काल मी म्हटलं, आज मी विचारतो, तुम्ही सांगा. पान उलटून ठेवलं त्यांनी. वीसपैकी वीस बरोबर. माझे चौदा आले होते.

त्यांचा व्हिजिटर व्हिसा दोनदा नाकारलाय.