दक्षिण सातारा असे शोधून पाहा

यशवंतराव चव्हाण आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्याविषयी जालावर केवळ जयंतीचे लेखच सापडतात, ही अनेकांची तक्रार रास्त आहे. परंतु तिचे अर्धे कारण आपल्या शोधण्याच्या पद्धतीत आहे. आजचा सांगली जिल्हा 1949 मध्ये साताऱ्यातून वेगळा झाला तेव्हा त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ होते आणि ‘सांगली’ हे नाव त्याला 1960 मध्ये मिळाले. त्यामुळे यशवंतरावांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात असले, तरी जुन्या कागदपत्रांत ते साताऱ्यातच शोधावे लागते. प्रतिसरकारच्या, म्हणजे नाना पाटलांनी ब्रिटिश राजवटीविरुद्ध साताऱ्यात चालवलेल्या समांतर सरकारच्या, काळातील नोंदींचेही तसेच.

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेतील जुनी भाषणे वाचता येतात. यशवंतराव 1962 च्या अखेरीस संरक्षणमंत्री झाले, तर नाना पाटील 1957 मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. म्हणून प्रथम वर्ष ठरवून घ्यावे. तेथे ‘यशवंतराव’ असे न लिहिता ‘वाय. बी. चव्हाण’ ही आद्याक्षरे इंग्रजीत घालावीत. स्कॅन केलेल्या मराठी पानांवर मात्र शब्दशोधाचा फारसा भरवसा धरू नये, कारण जोडाक्षरांची पार मोडतोड झालेली असते (‘क्रांतिसिंह’ तर हमखास फुटतो). अशा वेळी अनुक्रमणिका उघडून पाने चाळणेच बरे.