पहिली इलेक्ट्रिक गिटार: स्ट्रॅटोकास्टर घडणीची की लेस पॉल घडणीची?

प्रश्न

गेली तीन वर्षे मी अकूस्टिक गिटार वाजवते आहे आणि आता पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे. पुष्कळ शोधाशोध केल्यावर निवड दोन गिटारींवर येऊन ठेपली आणि गेले पंधरा दिवस तिथेच अडून बसली आहे. पहिली स्ट्रॅटोकास्टर घडणीची आहे. तिला तारांचे कंपन टिपणारे तीन सिंगल कॉइल (एका वेटोळ्याचे) पिकअप, ते निवडायचा पाच जागांचा स्विच, बोल्टने बसवलेली मेपलची नेक आणि स्प्रिंगवर हलणारा ट्रेमोलो ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) आहे. दुसरी लेस पॉल घडणीची असून तिला दोन हंबकर (दोन वेटोळ्यांचे पिकअप), वर मेपलचा थर असलेली महोगनीची बॉडी, चिकटवून बसवलेली नेक आणि स्थिर ब्रिज आहे. दोन्ही वापरलेल्या आहेत, दोन्हींची अवस्था चांगली दिसते आणि किंमतही जवळजवळ सारखीच आहे, त्यामुळे पैशाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी चालेल.

मी मुख्यतः स्वतःच्या गाण्याला साथ म्हणून वाजवते. पिक न वापरता बोटांनी एकेक तार छेडत कॉर्ड उलगडत नेणे मला सर्वांत जास्त आवडते. मात्र इलेक्ट्रिक गिटार घेण्यामागचे खरे कारण ब्लूज आहे, कारण तार खेचून स्वर चढवण्याचे जे काम त्यात असते, ते माझ्या अकूस्टिकच्या जाड तारांवर होत नाही.

दोन्ही गिटारी मी प्रत्येकी अर्धा तास वाजवून पाहिल्या. लेस पॉल घडणीच्या गिटारीची स्केल लांबी, म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी, कमी असल्यामुळे तिच्या तारा मऊ लागतात असे मी सगळीकडे वाचले होते, पण माझा अनुभव नेमका उलटा आला. तिसरी तार एक पूर्ण स्वर चढवताना बोटाचे टोक दुखू लागले आणि तरीही स्वर थोडा कमीच पडत होता. पहिल्या गिटारीवर तेच काम सहज झाले. दुसरीकडे, पहिल्या गिटारीतून एक बारीक घरघर सतत ऐकू येत होती आणि मी संगणकाच्या दिशेने वळले की ती वाढत होती. हा बिघाड समजायचा का? आणि हाताला हलकी लागली एवढ्यावरून मी पहिली गिटार निवडावी का?

उत्तर १

घरघर हा बिघाड नाही, सिंगल कॉइल पिकअपचा तो स्वभावच आहे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. ती कंप पावणाऱ्या तारेचा संकेत टिपते, तशीच आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरच्या आणि वीजवाहिन्यांच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी ५० किंवा ६० हर्ट्झची घरघरही टिपते. हंबकरमध्ये अशी दोन वेटोळी असतात. त्यांची गुंडाळण्याची दिशा परस्परविरुद्ध असते आणि चुंबकांचे ध्रुवही उलटे असतात, त्यामुळे तारेचे संकेत एकमेकांत मिळतात आणि बाहेरून आलेली घरघर एकमेकींना खोडून काढते. लेस पॉल १९५२ मध्ये आली तेव्हा तिलाही सिंगल कॉइल प्रकारचेच पिकअप होते, आणि सेथ लव्हर यांनी घडवलेले हंबकर तिच्यावर १९५७ पासून बसू लागले. स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची असून तिने मात्र आपले तीन सिंगल कॉइल सोडले नाहीत, कारण तिचा उघडा, काचेसारखा स्वच्छ आवाज त्यांतूनच येतो.

आपण पाहिलेल्या गिटारीवर स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ठेवून घरघर कमी होते का, ते अवश्य पाहावे. अलीकडच्या पुष्कळ गिटारींमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, आणि तसे असेल तर या दोन जागांवर तो शेजारच्या पिकअपबरोबर हंबकरसारखेच काम करतो. पूर्वी या गिटारीला तीनच जागांचा स्विच येत असे आणि वादक तो दोन खाचांच्या मध्ये अडकवून दोन पिकअपचा हा एकत्र आवाज काढत असत. पाच जागांचा स्विच कारखान्यातूनच बसून येऊ लागला तो १९७७ मध्ये.

स्केल लांबीविषयी आपण वाचले ते खरे आहे. स्ट्रॅटोकास्टरची स्केल २५.५ इंच म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असते आणि लेस पॉलची २४.७५ इंच म्हणजे सुमारे ६२९ मिलिमीटर. तारा सारख्याच आणि सूरही सारखाच असेल, तर कमी लांबीच्या गिटारीवर ताण कमी लागतो. आपल्या बोटांना उलटे का वाटले, हे मला सांगता येत नाही. कदाचित नेकची जाडी आपल्या हाताला मानवली नसावी. एकंदरीत, ॲम्पचा (ध्वनिवर्धकाचा) आवाज जरा फुटू देऊन ब्लूज वाजवायचे असेल तर माझे मत हंबकरच्या बाजूने आहे. त्यांतून स्वर भरदार येतो आणि लांबवर टिकून राहतो.

उत्तर २

वरच्या उत्तरातील माहिती बरोबर आहे, परंतु ज्या वाक्यावर सर्वांत आधी थांबायला हवे होते ते त्यात ओझरते आले आहे. कमी स्केलची गिटार बोटांना जड लागली, याचा अर्थ तुम्ही तुलना गिटारींची केलेली नाही. तुम्ही तुलना केली ती त्यांच्यावर चढवलेल्या तारांची आणि तारांच्या उंचीची.

हिशेब करून पाहा. ताण हा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून या दोन स्केलमधला फरक फार तर सहा टक्क्यांचा भरतो. तारेच्या जाडीचे गणितही वर्गाचेच आहे. पहिली तार इंचाच्या ९ हजारांश जाडीची असण्याऐवजी ११ हजारांश असेल, तर त्याच सुराला ताण जवळजवळ दीडपट होतो. सहा टक्क्यांची सवलत त्यात कुठल्या कुठे वाहून जाते. वापरलेल्या गिटारीवर आधीच्या मालकाने त्याच्या आवडीच्या तारा चढवलेल्या असतात आणि ग्राहक नेमके तेच विसरतो. मी स्वतः अशी चूक केलेली आहे. एक गिटार जड म्हणून मी नाकारली आणि ती माझ्या मित्राने घेतली. महिन्याभराने त्याच्याकडे वाजवली तेव्हा ती लोण्यासारखी चालत होती. त्याने फक्त तारा बदलल्या होत्या आणि ब्रिज खाली घेतला होता. ती गिटार आजही त्याच्याकडेच आहे.

म्हणून पुन्हा जाताना एक पातळ पोलादी पट्टी बरोबर न्या. दोन्ही गिटारी सुरात लावून बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. पहिल्या तारेखाली दीड आणि सहाव्या तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास असेल, तर ती उंची बहुतेकांना सोयीची जाते. नंतर सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्याखाली किती फट राहते ते पाहा. जेमतेम जाड कागद सरकेल एवढी फट हवी. फट मोठी असेल तर नेक पुढे वाकलेली आहे, आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई) ठीक असेल तर तो दोष काढता येतो. फट अजिबात नसेल तर तारा फ्रेटला लागून झणझणतील. तंबोऱ्याची जवारी आपण मुद्दाम लावतो, पण इथली ही झणझण नकोच असते.

शेवटी प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेटचा स्वर एकेक करून वाजवा आणि वरच्या फ्रेटवर तार खेचूनही पाहा. एखाद्याच ठिकाणी स्वर मरत असेल तर तो फ्रेट उंच किंवा झिजलेला आहे. तारा आणि उंची घटकाभरात बदलता येते. फ्रेटचे काम तसे नाही, ते खर्चाचे आणि कसबी हाताचे आहे. गिटार नाकारायचीच असेल तर अशा कारणासाठी नाकारावी.

उत्तर ३

एक छोटीशी पण महत्त्वाची भर. लेस पॉल घडणीची गिटार बहुधा चार किलोच्या वर भरते, स्ट्रॅटोकास्टर घडणीची साडेतीनच्या आसपास. अर्धा तास वाजवून हा फरक कळत नाही, दोन तास उभे राहून गायल्यावर खांदा सांगतो. शिवाय स्ट्रॅटोकास्टरच्या बॉडीला मागून आणि पुढून उतार दिलेला असतो, त्यामुळे बरगडीला आणि मनगटाजवळ कड टोचत नाही. लेस पॉलचे डोके मागे कललेले असते आणि गिटार पाठीवर पडली तर नेक नटच्या (डोक्याजवळ तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या) मागे तडकण्याचा धोका असतो. तिथे कधी तडा जाऊन सांधलेला आहे का, ते वापरलेली गिटार घेताना उजेडात धरून जरूर पाहा. रंगाखाली केसासारखी रेघ दिसली तर मालकाला विचारा.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल पट्टी घेऊन पुन्हा गेले. लेस पॉल घडणीच्या गिटारीवर ११ च्या तारा निघाल्या आणि बाराव्या फ्रेटवर पहिल्या तारेची उंची २.८ मिलिमीटर भरली. पहिल्या, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर घडणीच्या गिटारीवर ९ च्या तारा होत्या आणि उंची १.६ होती. ज्याला मी गिटारींचा स्वभाव समजत होते, तो सारा यातच होता.

दोन्ही मालकांच्या परवानगीने मी १० च्या नव्या तारा दोन्हींवर चढवल्या. लेस पॉलच्या ब्रिजखालच्या दोन दातेरी चकत्या फिरवून उंची खाली आणली आणि पुन्हा वाजवले. आता चित्र पालटले. तिसरी तार लेस पॉलवर थोड्या कमी जोरात चढते, आणि हा फरक खरोखरच थोडा आहे. तिच्या नेकवर तडा नाही, दोन्हींचे फ्रेट सगळीकडे स्वच्छ बोलतात. स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ठेवल्यावर घरघर जवळजवळ थांबते.

मात्र पहिल्या गिटारीवर एक नवीच अडचण लक्षात आली. दुसरी तार तशीच वाजत ठेवून तिसरी खेचली की दुसरीचा स्वर किंचित उतरतो. दोन तारांवर मिळून वाजवायचे ब्लूजचे तुकडे त्यामुळे बेसूर ऐकू येतात. हा दोष काढता येतो का?

उत्तर २ देणाऱ्याकडून पुन्हा

हा दोष नव्हे, तरंगत्या ब्रिजचा तो परिणाम आहे. एका बाजूला तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूला बॉडीच्या मागच्या पोकळीतील स्प्रिंगचा ताण, अशा तराजूवर तो ब्रिज तोललेला असतो. एक तार खेचली की ताण वाढतो, ब्रिज पुढे झुकतो आणि उरलेल्या तारा ढिल्या पडतात. एखादी तार तुटली तर याच कारणाने ब्रिज मागे जातो आणि बाकीच्या सगळ्या तारांचे सूर चढतात.

मागचे झाकण काढून स्प्रिंग ज्या पंज्याला अडकवलेल्या असतात त्याचे दोन्ही स्क्रू थोडे थोडे आवळा आणि दर खेपेला गिटार पुन्हा सुरात लावा. ब्रिज बॉडीवर सपाट टेकला की त्यानंतरही थोडे अधिक आवळून ठेवा. स्प्रिंग तीनच असतील तर एक-दोन आणखी लावता येतात, जागा पाचांची असते. मग ट्रेमोलोच्या दांड्याने स्वर फक्त खाली नेता येईल, वर चढवता येणार नाही, पण खेचताना शेजारची तार जागची हलणार नाही. ब्रिज खाली बसल्यामुळे तारांची उंची बदलेल, ती नंतर खोगिरांच्या (ब्रिजवर प्रत्येक तार ज्या तुकड्यावर टेकते त्यांच्या) बारीक स्क्रूंनी सारखी करून घ्या.

एक विनंती करतो. आता दोन्ही गिटारी एका पातळीवर आल्या आहेत, तेव्हा ब्लूजचे तुकडे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि घरी एकट्या असताना तुम्ही जे वाजवता, नेमके तेच दोन्हींवर एकाच ॲम्पमधून, ॲम्पची कोणतीही कळ न हलवता वाजवून पाहा.

प्रश्नकर्तीकडून

तसेच केले. रोज संध्याकाळी मी ज्या चालीने बसते, ती बोटांनी उलगडलेली कॉर्डची साखळी दोन्ही गिटारींवर वाजवली आणि वर हळू आवाजात गायले. लेस पॉलच्या नेकजवळच्या पिकअपवर खालच्या तीन तारा एकमेकींत मिसळून जात होत्या. पिकअप स्क्रूने खाली घेतला, टोन थोडा उघडला, तेव्हा फरक पडला, पण माझा अंगठा चौथ्या आणि पाचव्या तारेवर जे आळीपाळीने बोलतो ते वेगळे ऐकू येईना. पहिल्या गिटारीवर स्विच चौथ्या जागेवर ठेवला आणि सहाही तारा सहा ठिकाणांहून आल्यासारख्या ऐकू आल्या. माझ्या गळ्याला मधे जागा मिळाली.

लेस पॉलवर एकच स्वर खेचून धरला की तो ज्या भरदारपणे टिकतो, त्याची मला हुरहूर लागून राहील, हे मान्य करते. पण त्या स्वरासाठी मी दिवसाकाठी दहा मिनिटे देईन आणि उरलेला तासभर कॉर्ड उलगडत बसेन. मी पहिली गिटार घेते आहे. कालपर्यंत मी ती हाताला हलकी लागते म्हणून घेणार होते, आणि ते कारण आता उरलेले नाही. स्प्रिंगचे स्क्रू आवळण्याचे काम रविवारी करीन आणि १० च्या तारा तशाच राहू देईन.