पात्याला मुलामा देण्याआधी

सुरीच्या पात्यावर दिलेला निकेलचा मुलामा धारेजवळ पापुद्र्यासारखा सुटतो, अशी एकाची तक्रार आहे. यवतमाळकडच्या आमच्या गावी लोहाराने जीपच्या कमानपाट्यातून घडवलेल्या सुरीवर मीही हेच भोगले. दोष बहुधा तयारीचा असतो. बोटाचा तेलकट ठसा राहिला, तरी तेथे निकेल धरत नाही. धार लावताना मुलामा घासला जाणारच, म्हणून धारेची कड आधीच नेलपॉलिशने (घरच्यांना विचारून!) झाकावी. मुलाम्याआधी साफ करायला आम्लात बुडवलेल्या कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते, यासाठी मुलाम्यानंतर लगेच सुमारे १९० अंश सेल्सिअसवर काही तास तापवतात. मात्र पाते त्याहून कमी तापमानावर (कडक केल्यावर पुन्हा तापवून) नरमवलेले असेल, तर त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरेल. बाभळीची मूठ आधी काढावी. तिच्या पितळी कड्यावर निकेल उत्तम बसते.