बाल्कनीतील सेन्सर आणि शेजारच्या पाडकामाची धूळ : आकड्यांचा मेळ का बसत नाही?

चेंबूरकर
नमस्कार. आमच्या सोसायटीला लागून असलेल्या भूखंडावर जुनी इमारत पाडून पुनर्विकासाचे काम सुरू झाले आहे. धुळीची तक्रार पुराव्यासह करता यावी, म्हणून आम्ही लेझरवर चालणारा एक स्वस्त सेन्सर चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसवला. पण त्याच्या आकड्यांनीच आम्हाला बुचकळ्यात टाकले आहे. काम पूर्ण बंद असते त्या पहाटेच्या वेळी पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजले जाणारे बारीक कण) सर्वाधिक दिसते. याउलट दुपारी राडारोडा डंपरमध्ये भरला जात असताना कठड्यावर बोट फिरवले तर रेघ उमटेल इतकी धूळ साचते, तरी पीएम १० चा (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा जेमतेम हलतो. शिवाय आमच्या अ‍ॅपमधील एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) आणि जवळच्या शासकीय केंद्राचा एक्यूआय यांत कायम मोठी तफावत असते. सेन्सर सदोष आहे, की तो वाचण्यात आमची चूक होते आहे?

धूलिमापक
पहाटेची वाढ काही अंशी खरी आहे आणि काही अंशी भास आहे. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन वरच्या उबदार थराखाली अडकते, वारा मंदावतो आणि शहरभराचा धूर खालीच कोंडून राहतो. ही वाढ शासकीय केंद्रावरही दिसते. भास निर्माण होतो तो दमटपणामुळे. आपला सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. सापेक्ष आर्द्रता साधारण ८० टक्क्यांच्या वर गेली की सल्फेट, नायट्रेट आणि मिठाचे कण पाणी शोषून फुगतात, त्यामुळे प्रकाश जास्त विखुरतो आणि सेन्सर ते पाणीसुद्धा प्रदूषण म्हणून धरतो. शासकीय केंद्रांवर सहसा असणाऱ्या बीटा किरणांच्या यंत्रात हवा आत घेतानाच गरम करून कोरडी केली जाते आणि फितीवर साचलेल्या कणांमुळे किरण किती क्षीण झाले, यावरून वस्तुमान काढले जाते.

एक्यूआयचे कोडे त्याहून सोपे आहे. केंद्राचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर आधारलेला असतो, तर अनेक अ‍ॅप त्या क्षणाचे मोजमाप अमेरिकी मोजपट्टीवर बसवून दाखवतात. पीएम २.५ दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय निर्देशांक १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकी पट्टीवर तीच हवा १५० च्या पलीकडे जाते. म्हणून एक्यूआयची तुलना सोडून द्यावी आणि दोन्हीकडचे मायक्रोग्रॅम ताडून पाहावेत.

फिल्टरवाला
वरील उत्तर पटले, परंतु आपल्या तक्रारीच्या दृष्टीने खरी मेख दुपारच्या आकड्यात आहे. पाडकामाची धूळ बहुतांशी जाड असते. हे स्वस्त सेन्सर एक-दीड मायक्रॉनपर्यंतचे कण बऱ्यापैकी पाहतात. त्याहून मोठे कण इवल्याशा पंख्याच्या क्षीण झोतात आणि आतल्या वळणांत लेझरपर्यंत पोहोचतच नाहीत, किंवा पोहोचले तरी नीट मोजले जात नाहीत. मग पडद्यावर दिसणारा पीएम १० चा आकडा येतो कुठून? बव्हंशी बारीक कणांच्या मोजणीवरून बांधलेल्या अंदाजातून. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत, आणि त्याच आकड्याच्या जोरावर ‘आमच्याकडे धूळ मर्यादेत आहे’ असे उद्या कंत्राटदारानेच दाखवले तर आपली पंचाईत होईल.

आकड्यानिशी तक्रार करायचीच असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून २४ तासांचे पीएम १० मापन करून घ्यावे. त्यात ठरावीक हवा फिल्टरमधून ओढून, फिल्टरचे आधीचे आणि नंतरचे वजन घेतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम १० साठी २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे.

वॉर्डातला एक
प्रयोगशाळेचा खर्च करण्यापूर्वी एक सुचवतो. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामाच्या धुळीबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. प्रकल्पाभोवती उंच पत्रे (७० मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी किमान ३५ फूट), पाडकाम चालू असताना सतत पाण्याची फवारणी, राडारोड्याची वाहने झाकलेली असणे, आणि कामाच्या जागी सेन्सर बसवणे, हे सगळे त्यात आहे. फवारणी न करता डंपर भरला जात असल्याचे तारीख-वेळेसह छायाचित्र हे माझ्या मते आपल्या सेन्सरच्या आलेखापेक्षा वजनदार ठरेल, कारण त्यावर उपकरणाच्या अचूकतेचा वाद घालता येत नाही.

चेंबूरकर
सर्वांचे आभार. मग हा सेन्सर काढून ठेवावा का?

धूलिमापक
काढू नये. त्याच बनावटीचा आणखी एक घ्यावा, आठवडाभर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून त्यांच्यातला कायमचा फरक टिपून घ्यावा आणि नंतर एक कामाच्या बाजूला, दुसरा इमारतीच्या विरुद्ध बाजूला लावावा. दमटपणा आणि शहराचे सर्वसाधारण प्रदूषण दोघांनाही जवळपास सारखेच लागते, त्यामुळे दोन आकड्यांतील तफावत ही बरीचशी स्थानिक असते. डंपर, जनरेटर आणि जळणाचा धूर त्यात चांगला पकडला जातो. जाड धूळ मात्र तरीही निसटेल. वाऱ्याची दिशाही लिहून ठेवावी : दुपारी आपल्याकडे समुद्रावरून, म्हणजे पश्चिम किंवा वायव्येकडून वारा येतो, आणि भूखंड आपल्या पूर्वेला असेल तर त्या वेळची धूळ आपल्यापेक्षा पलीकडच्या इमारतीत अधिक जात असेल. तिथल्या रहिवाशांनाही तक्रारीत सोबत घ्यावे.