‘मेटाकॉग्निटिव्ह थेरपी’: अधिबोधन, पराबोधन की आणखी काही?

प्रश्न: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचे मराठीकरण करताना ‘मेटाकॉग्निटिव्ह थेरपी’ या मानसोपचार पद्धतीच्या नावापाशी अडलो आहे. ‘पराबोधन’ की ‘अधिबोधन’?

उत्तर: ‘पराबोधन’ आधी बाद करावा, ‘परामानसशास्त्रा’मुळे त्याला अतींद्रिय शक्तींचा वास येतो. ‘बोधनिक मानसशास्त्र’ (कॉग्निटिव्ह सायकॉलॉजी) रुळलेले असल्याने शास्त्रीय लेखात ‘अधिबोधन’ खपेल, पण ‘बोध’ म्हटले की सामान्य वाचकाला गोष्टीचे तात्पर्य आठवते, आणि आधीच खचलेल्या माणसाला आता कोणी उपदेश करणार असे वाटायला नको. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९७०च्या दशकात ‘मेटाकॉग्निशन’ ही संज्ञा रूढ केली तेव्हा त्यांना अभिप्रेत होते ते स्वतःच्या आकलनाविषयीचे आकलन. पत्रकात सरळ ‘विचार करण्याच्या सवयीवरील उपचार’ लिहावे.

पुरवणी: माझ्या मते खरी अडचण ‘काळजी’ या शब्दाची आहे. मुलाचा फोन आला नाही, अपघात तर झाला नसेल, या विचारात कितपत तथ्य आहे हे नेहमीच्या बोधनिक उपचारात (कॉग्निटिव्ह थेरपीत) तपासले जाते. मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांच्या मेटाकॉग्निटिव्ह पद्धतीत मात्र ‘काळजी करत बसल्याने काय साधते असे तुम्हाला वाटते?’ असे विचारतात. त्यावर ‘काळजी केली नाही तर मी बेफिकीर ठरेन’ आणि ‘एकदा सुरू झाली की ती माझ्या हातात राहत नाही’ अशा दोन समजुती पुढे येतात आणि उपचाराचा रोख त्यांच्यावर असतो. दुसरी समजूत पारखण्यासाठी काळजी संध्याकाळच्या ठरावीक पंधरा मिनिटांपर्यंत पुढे ढकलून पाहायला सांगतात. ती ढकलता आली, तर ‘हातात राहत नाही’ हे म्हणणे डळमळते. आता पहिली समजूत मराठीत पाहा. आपण काळजी ‘घेतो’ही आणि ‘करतो’ही, ‘तुला घरच्यांची काही काळजी आहे की नाही?’ या वाक्यात तर माया आणि घोर वेगळे काढताच येत नाहीत. ‘काळजी सोडा’ हे वाक्य एखाद्या आईला ‘माया सोडा’ असेच ऐकू येईल. म्हणून पत्रकात ‘चिंता करत राहणे’ असे क्रियापदासह लिहावे.

प्रश्नकर्ता: पटले. याच उपचारातल्या, विचार आला तरी त्याच्याशी वाद न घालता, त्याला हुसकावूनही न लावता, तो नुसता पाहण्याच्या तंत्राला मी ‘अलिप्त सजगता’ लिहिले होते. ‘तटस्थ’ कसा वाटतो? तटावर उभा राहून प्रवाह पाहणारा, हा मूळ अर्थ नेमका बसतो.

उत्तर: अर्थ सुरेख बसतो, पण आज ‘तटस्थ’ म्हणजे भांडणात कोणाचीच बाजू न घेणारा. ‘तटस्थपणे पाहणे’ असे लिहिल्यास चालेल.